पेशींची ओळख वाचणारा डॉक्टर

वाहन चालवण्याच्या परवान्यावर, शाळेच्या ओळखपत्रावर, रुग्णालयातल्या केसपेपरवर आपला रक्तगट लिहिलेला असतो. ‘ए’, ‘बी’, ‘एबी’ किंवा ‘ओ’. ज्यांच्यामुळे ही अक्षरे आपल्या आयुष्यात आली, त्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि तिथेच संपते. रक्तगटांचा शोध १९०१ साली, नोबेल पारितोषिक १९३० साली, एवढीच माहिती बहुतेकांना असते.

प्रत्यक्षात लँडस्टायनर यांच्या कामाचा पल्ला रक्तापुरता नव्हता. एक पेशी दुसरीपेक्षा वेगळी आहे, हे शरीराला कशावरून कळते, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. त्याचे बरेचसे उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या शर्करांच्या छोट्या साखळ्यांत आहे. यांतल्या काही साखळ्या प्रथिनांना, तर काही मेदाच्या रेणूंना जोडलेल्या असतात. मेदाला जोडलेल्या शर्करेच्या अशा रेणूला ग्लायकोलिपिड म्हणतात. आज कर्करोगाच्या काही चाचण्या आणि काही औषधे याच रेणूंवर बेतलेली आहेत. लँडस्टायनर स्वतः आयुष्याच्या अखेरीस कर्करोगाच्या संशोधनाकडे वळले, ते हा आजार त्यांच्या घरात शिरल्यामुळे.

डॉक्टर, पण मनाने रसायनशास्त्रज्ञ

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नात झाला. वडील लिओपोल्ड हे नामवंत पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक. कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते गेले. आई फॅनी यांनी मुलाला वाढवले. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. तिच्या निधनानंतर घेतलेला तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आयुष्यभर आपल्या खोलीत भिंतीवर ठेवला होता. स्वभावाने ते अबोल, संकोची आणि काहीसे उदास होते. पियानो मात्र उत्तम वाजवत.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. एव्हाना त्यांचा पहिला शोधनिबंधही प्रसिद्ध झाला होता. आहाराचा रक्ताच्या राखेतील घटकांवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. पदवीनंतर दवाखाना थाटण्याऐवजी ते रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडले. झुरिक, वुर्झबुर्ग आणि म्युनिक इथल्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. वुर्झबुर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर. शर्करांच्या रेणूंची रचना उलगडणारे त्या काळातले ते सर्वांत मोठे शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून १८९२ मध्ये ग्लायकोलाल्डिहाइड या शर्करेसारख्या अगदी साध्या रेणूवर निबंध लिहिला. पुढे ज्या रक्तगटांमुळे लँडस्टायनर यांचे नाव झाले, ते गट म्हणजे शर्करांचीच करामत आहे, हे तेव्हा कुणालाही माहीत नव्हते. पण औषधशास्त्राकडे रसायनशास्त्राच्या नजरेने बघायची सवय त्यांना लागली ती याच वर्षांत.

१८९६ मध्ये ते व्हिएन्नाच्या आरोग्यशास्त्र संस्थेत मॅक्स फॉन ग्रुबर यांचे साहाय्यक झाले. १८९८ पासून दहा वर्षे त्यांनी विकृतिशास्त्र विभागात शवविच्छेदने केली. त्यांची संख्या ३,६३९ भरते. दिवसभर मृतदेहांवर काम करायचे आणि उरलेल्या वेळात रक्ताच्या नळ्या घेऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता.

सहा जणांचे रक्त आणि एक तक्ता

माणसाला दुसऱ्याचे रक्त देण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. सतराव्या शतकात तर मेंढीचे रक्तही माणसाला देऊन पाहिले गेले. काही रुग्ण वाचत, काही थंडी वाजून, लघवी काळी होऊन दगावत. असे का होते, ते समजत नव्हते. प्राण्याचे रक्त माणसाच्या रक्तात मिसळले की पेशींच्या गुठळ्या होतात, हे माहीत होते. माणसामाणसांच्या रक्तातही कधी कधी असे दिसे, पण तो रुग्णाच्या आजाराचा परिणाम मानला जाई.

लँडस्टायनर यांनी निरोगी माणसांचे रक्त घेऊन हा समज तपासला. त्यांनी स्वतःचे आणि विभागातल्या पाच सहकाऱ्यांचे रक्त काढले, तांबड्या पेशी आणि रक्तद्रव वेगळे केले आणि प्रत्येकाचा रक्तद्रव प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. उपकरण म्हणावे असे काही लागले नाही. काही मिश्रणांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे दाणे झाले, तर काहींत काहीच झाले नाही. अधिक-उणे चिन्हांचा तक्ता मांडला तेव्हा त्यात एक नियम दिसला. एकूण २२ जणांच्या रक्तावरून त्यांनी तीन गट सांगितले: ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’. या ‘सी’ला पुढे ‘ओ’ म्हणू लागले. लँडस्टायनर यांचे स्वतःचे रक्त याच गटातले होते. निबंध १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात आला. पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली या सहकाऱ्यांना चौथा, ‘एबी’ गट सापडला.

शोध इतका साधा होता की वैद्यकीय जगताने त्याची फारशी दखल घेतली नाही. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्ग यांनी १९०७ मध्ये रक्त देण्याआधी ते जुळते का हे तपासायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्त न गोठता टिकवण्याची पद्धत सापडली आणि मगच रक्तदान सर्वत्र पसरले. तोवर लँडस्टायनर दुसऱ्या कामांत बुडाले होते. १९०८ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासह त्यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूतून तो आजार माकडांना होतो, हे दाखवले. पोलिओ संसर्गजन्य आहे आणि त्यामागे जिवाणूपेक्षा सूक्ष्म कारण आहे, हे त्यातून पुढे आले. सिफिलिसच्या रक्तचाचणीतही त्यांचा वाटा आहे. त्या चाचणीसाठी रोगग्रस्त अवयवांचा अर्क लागे. बैलाच्या हृदयाचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्कही तेच काम करतो, हे लँडस्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये दाखवले. अल्कोहोलमध्ये विरघळतो तो मेदासारखा पदार्थ. रोगप्रतिकारशक्तीचा संबंध फक्त प्रथिनांशी असतो, अशी तेव्हाची समजूत होती. या समजुतीला गेलेला हा पहिला तडा होता.

हेगमधले दिवस आणि ‘हॅप्टेन’

१९११ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले, पण त्याला साजेसा पगार मिळाला नाही. १९१६ मध्ये हेलेन व्लास्टो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्यानंतर ऑस्ट्रियाने युद्ध गमावले. व्हिएन्नात अन्न नव्हते, कोळसा नव्हता, प्रयोगशाळेला पैसा नव्हता. पन्नाशी ओलांडलेले लँडस्टायनर १९१९ मध्ये कुटुंबासह नेदरलँड्समधल्या हेग शहरी गेले. तिथल्या एका कॅथलिक रुग्णालयात शवविच्छेदने आणि नेहमीच्या तपासण्या करण्याची नोकरी त्यांनी पत्करली. जगाला रक्तगट देणारा माणूस तिथे रुग्णांच्या रोजच्या चाचण्या करत होता.

त्या तीन-चार वर्षांतच त्यांनी ग्लायकोलिपिडच्या अभ्यासाला पुढे पायाभूत ठरलेले काम केले. जॉन फोर्समन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ मध्ये एक कोडे मांडले होते. गिनीपिगच्या अवयवांचा अर्क सशाला टोचला, तर सशाच्या रक्तात जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात ती मेंढीच्या तांबड्या पेशी फोडतात. गिनीपिग आणि मेंढी हे तर एकमेकांचे कुणी नव्हेत. मग दोघांच्या पेशींत समान असे काय आहे?

लँडस्टायनर यांनी तो समान पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून वेगळा काढला आणि त्याचे वागणे तपासले. परीक्षानळीत तो प्रतिपिंडांना घट्ट पकडत होता. पण शुद्ध स्वरूपात सशाला टोचला, तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे जवळजवळ बनवतच नव्हते. तोच पदार्थ एखाद्या परक्या प्रथिनात मिसळून दिला की प्रतिपिंडे भरपूर तयार होत. म्हणजे ओळख पटवणारा भाग वेगळा आणि शरीराला जागे करणारा भाग वेगळा. ओळख पटवणाऱ्या या लहान भागाला त्यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ हे नाव दिले. पकडणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ते घेतले आहे.

फोर्समन यांचा हा पदार्थ नेमका काय आहे, हे रसायनशास्त्राला कळायला पुढे अर्धशतक गेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची रचना उलगडली. मेदाच्या रेणूवर पाच शर्करांची साखळी, असे ते ग्लायकोलिपिड निघाले. साखळीच्या टोकाला जी शर्करा आहे, तीच ‘ए’ रक्तगटाच्या साखळीच्याही टोकाला असते. माणसाच्या निरोगी ऊतींत हा पदार्थ सहसा आढळत नाही. पोटाच्या आणि मोठ्या आतड्याच्या काही गाठींमध्ये मात्र तो सापडला आहे.

न्यूयॉर्कची प्रयोगशाळा

लँडस्टायनर १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. वय ५५ होते, भाषा नवी होती आणि शहराचा गोंगाट त्यांना मानवत नव्हता. पण प्रयोगशाळा होती, सहकारी होते आणि वेळ होता.

इथे त्यांनी व्हिएन्नात युद्धकाळात सुरू केलेला एक प्रयोग पुढे नेला. ज्ञात रचनेचे छोटे रासायनिक रेणू ते प्रथिनांना जोडत आणि प्राण्यांना टोचून त्यांची प्रतिपिंडे तपासत. रेणूतला एक गट एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकवला, तरी प्रतिपिंडांना फरक कळे. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, तसे दोन रेणूही त्यांना वेगळे ओळखता येत. त्याच संस्थेत वॉल्थर गोबेल आणि ओस्वाल्ड एव्हरी यांनी १९२९ मध्ये ही पद्धत शर्करांना लावली. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात फरक आहे तो एका ठिकाणच्या मांडणीचा. तेवढाही फरक प्रतिपिंडांनी ओळखला. पेशीच्या पृष्ठभागावरची एक शर्करा बदलली तर शरीराला तो बदल कळू शकतो, ही शक्यता यातून स्पष्ट झाली.

रक्तगटांचे कामही थांबले नव्हते. १९२७ मध्ये लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी ‘एम’, ‘एन’ आणि ‘पी’ हे नवे गट शोधले. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते तीस वर्षांपूर्वीच्या साध्या तक्त्यासाठी. त्यांना स्वतःला मात्र प्रतिपिंडांच्या रसायनशास्त्राचे काम अधिक मोलाचे वाटे. १९३९ मध्ये ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेत येतच राहिले. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी ‘आरएच’ घटक जाहीर केला. रक्तगटापुढे लिहिले जाणारे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तिथून आले. त्याच काळात ते डुकराच्या जठरातून ‘ए’ गटाचा पदार्थ वेगळा काढून त्याची रचना शोधत होते. तो शर्करांनी भरलेला आहे, एवढे दिसत होते. पुढची वाट त्या काळच्या साधनांनी सापडणारी नव्हती.

अखेरचे काम

याच शेवटच्या वर्षांत हेलेन यांना थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. लँडस्टायनर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. आयुष्यभर त्यांनी एका विषयाचे बोट घट्ट धरून काम केले होते. आता पत्नीला काही उपयोग होईल या आशेने ते कर्करोगाच्या प्रयोगांकडे वळले. इतक्या उशिरा नवे क्षेत्र हाती घेणे हा त्यांच्या काटेकोर स्वभावाला न साजेसा निर्णय. पण प्रश्न जुनाच होता. कर्करोगाची पेशी शरीराच्या स्वतःच्याच पेशीपासून झालेली असते. ती परकी नाही आणि पूर्वीसारखी आपलीही नाही. तिच्यात असे काय वेगळे आहे, की जे शरीराला ओळखता यावे?

उत्तर शोधायला त्यांना वेळ मिळाला नाही. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. वय ७५. त्यांच्यामागून काही महिन्यांतच हेलेनही गेल्या. प्रतिपिंडांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्यांच्या पश्चात १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली.

परळहून लंडनला गेलेले रक्त

लँडस्टायनर यांच्या अक्षरांमागे नेमके काय आहे, याचा उलगडा पुढच्या दशकात झाला आणि त्याचा एक दुवा मुंबईत आहे. परळच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींचे रक्त कुणाशीच जुळत नाही असे आढळले. नेहमीच्या चाचणीत ते ‘ओ’सारखे दिसे, पण ‘ओ’ गटाच्या पेशीही त्या रक्तात गोळा होत. या कामात लंडनचे रक्तगटतज्ज्ञ सहभागी झाले आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निबंध आला. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो.

त्या निबंधाच्या लेखकांमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनशास्त्रज्ञही होते. त्यांच्या कामातून पुढील चित्र उभे राहिले. ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ या सर्वांच्या पेशींवर शर्करांची एक मूळ साखळी असते. तिच्या टोकाजवळ फ्यूकोज नावाची शर्करा बसली की ‘एच’ पदार्थ तयार होतो. ‘ओ’ गटात साखळी इथेच थांबते. ‘ए’ गटात तिला आणखी एक शर्करा लागते आणि ‘बी’ गटात तिच्याऐवजी दुसरी. बॉम्बे गटात फ्यूकोजच बसत नाही, त्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’ बनण्याचा प्रश्नच येत नाही. चुकीचे रक्त दिल्यावर माणूस दगावतो तो फरक अखेर एका शर्करेचा आहे.

कर्करोगाची बदललेली सही

कर्करोगाच्या बाबतीतही अशाच खुणा शोधण्याचे प्रयत्न लँडस्टायनर यांच्या हयातीतच सुरू झाले होते. पोलंडचे लुडविक हिर्झफेल्ड आणि जर्मनीचे अर्न्स्ट विटेब्स्की यांनी १९२९ च्या सुमारास गाठींच्या अल्कोहोल अर्काविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून पाहिली. पद्धत लँडस्टायनर यांच्या हॅप्टेनच्या प्रयोगांसारखीच होती. पण तो मेद नेमका कोणता, हे सांगायला रसायनशास्त्र अपुरे पडले. १९५०च्या दशकाअखेर मॉरिस रॅपोर्ट यांनी माणसाच्या गाठीतून एक ग्लायकोलिपिड शुद्ध करून त्याची रचना सांगितली. १९६८ मध्ये जपानहून अमेरिकेत गेलेले सेन-इतिरो हाकोमोरी यांनी दाखवले की निरोगी पेशीचे कर्करोगी पेशीत रूपांतर होते, तेव्हा तिच्या ग्लायकोलिपिडच्या साखळ्या बदलतात. काही साखळ्या अर्धवट राहतात, काही भलत्याच शर्करा धारण करतात. पेशी तीच असते, पण तिची सही बदलते.

या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण लँडस्टायनर यांचे सहकारी फिलिप लेव्हिन यांनी १९५१ मध्ये नोंदवले. एका ६६ वर्षांच्या अमेरिकी महिलेला जठराचा कर्करोग होता. शस्त्रक्रियेआधी तिला थोडेसे रक्त दिले गेले आणि तीव्र प्रतिक्रिया आली. तपासात आढळले की लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनीच १९२७ मध्ये शोधलेल्या ‘पी’ मालिकेतले पदार्थ तिच्या पेशींवर अजिबात नव्हते. त्यामुळे तिच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. नवल असे, की तिच्या गाठीत मात्र तशाच खुणा सापडल्या. जठराचा काही भाग काढल्यानंतर ती महिला २२ वर्षे जगली आणि कर्करोग परतला नाही. ‘पी’ मालिकेतले हे पदार्थ ग्लायकोलिपिडच आहेत. जपून ठेवलेल्या त्या गाठीचा नमुना हाकोमोरी, लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासला आणि १९८२ मध्ये त्याचे रसायन मांडले. एका रुग्णावरून नियम होत नाही. तिच्या प्रतिपिंडांनीच कर्करोगाला रोखले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण गाठीच्या पृष्ठभागावर शरीराला परकी वाटणारी खूण असू शकते, याचा तो ठळक पुरावा होता.

रोजच्या उपचारात याचा अर्थ

या संशोधनाचा आज रुग्णाशी थेट संबंध येतो, तो तीन ठिकाणी.

पहिले, ‘सीए १९-९’ ही रक्तचाचणी. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ती अनेकदा सांगितली जाते. १९७९ मध्ये या खुणेविरुद्धचे प्रतिपिंड तयार झाले आणि काही वर्षांतच कळले की ही खूण म्हणजे लुईस या रक्तगट मालिकेतली शर्करासाखळी आहे, फक्त तिला सियालिक आम्ल जोडलेले असते. त्यामुळे या चाचणीची एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. जगात साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात लुईस साखळी बनतच नाही. अशा माणसाला कर्करोग असला, तरी त्याचा ‘सीए १९-९’ वाढत नाही. उलट कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा किंवा स्वादुपिंडाची सूज असेल, तर कर्करोग नसतानाही तो आकडा चढतो. म्हणून निरोगी माणसाने चाळणी म्हणून ही चाचणी करून घेऊ नये आणि एकट्या आकड्यावरून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. निदान झालेल्या रुग्णात उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी तिचा खरा उपयोग आहे.

दुसरे, औषधे. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशींवर ‘जीडी२’ नावाचे ग्लायकोलिपिड भरपूर असते. त्याला पकडणारे डिनुटक्सिमॅब हे प्रतिपिंड २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आजार परतण्याचा धोका मोठा असलेल्या मुलांसाठी इतर उपचारांच्या जोडीने ते देतात. पण ‘जीडी२’ निरोगी मज्जातंतूंवरही असते. त्यामुळे औषध चालू असताना मुलांना तीव्र वेदना होतात आणि जोरदार वेदनाशामके द्यावी लागतात. कर्करोगाची खूण आणि निरोगी पेशीची खूण यांच्यातला फरक बहुधा प्रमाणाचा असतो, संपूर्ण वेगळेपणाचा क्वचितच. उपचाराची अडचण इथेच आहे.

तिसरे, लशींचे प्रयत्न. ग्लायकोलिपिड एकटे टोचले तर शरीर जागे होत नाही, ते परक्या प्रथिनाला जोडावे लागते, हा हेगच्या रुग्णालयात लागलेला शोध. त्याच तत्त्वावर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी ‘जीएम२’ हे ग्लायकोलिपिड एका समुद्री गोगलगायीच्या प्रथिनाला जोडून लस बनवली गेली. रुग्णांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ही लस तेव्हाच्या प्रचलित औषधापेक्षा कमी पडली. प्रतिपिंडे तयार होणे वेगळे आणि आजार रोखणे वेगळे, हे त्यातून पुन्हा दिसले. सामान्य वाचकाने यातून घ्यायचे ते असे, की कर्करोगावरच्या लशीची बातमी आली की प्रतिपिंडे किती वाढली यापेक्षा रुग्ण किती काळ जगले, हे आधी पाहावे.

लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, हा आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. रक्त देताना होणारी साधी गट तपासणी त्यांनी दिली आणि तिच्यामुळे वाचलेल्या जिवांची मोजदाद करणे कठीण आहे. दुसरे काम त्यांच्या हातून अपुरे राहिले. पत्नीच्या गाठीतल्या पेशी शरीराने परक्या का मानल्या नाहीत, याचे उत्तर त्यांना मिळाले नाही आणि पूर्ण उत्तर आजही कुणाकडे नाही. पण ते कुठे शोधायचे, हे मात्र त्यांच्या कामातूनच कळले आहे. म्हणूनच कर्करोगाच्या प्रयोगशाळांत पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करा आजही एकेक करून वाचल्या जात आहेत.